काळं मेंढरू बाहेरच होतं

टेबलाला इस्त्री करणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. म्हाळसाचे आप्पा करायचे. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत, कारखान्यामागच्या क्लबात, दर रविवारी सकाळी ते बारा फुटी स्नूकरच्या टेबलावर वाकून आधी ब्रश मारायचे आणि मग कोमट इस्त्री फिरवायचे. पाचोडकडच्या भावकीत ही बातमी पोचली तेव्हा मुंजाबाकाका तीन दिवस हसला, आणि चौथ्या दिवशी त्यानं निरोप धाडला की कपाट कधी धुणार असाल तर कळवा, बघायला येतो.

पण हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती ती. टेबलावरचं हिरवं कापड लोकरीचं असतं आणि लोकरीला लव असते. लवेच्या दिशेनं हात फिरवला तर मऊसूत, उलटा फिरवला तर खरखरीत. लव नीट बसलेली नसेल तर हळू मारलेला चेंडू वाट सोडून भलतीकडंच कलतो. क्लबातल्या साहेबलोकांना हे कळायला चार वर्षं लागली. त्रिंबकना, म्हणजे आप्पांना, पहिल्याच दिवशी कळलं. वॉचमन म्हणून लागलेला हा माणूस, सात पिढ्या मेंढरांमागं गेलेल्या. त्यांनी नुसता तळवा टेकवला आणि क्लबाचे सेक्रेटरी साहेबराव यांना सांगितलं, की साहेब, हे मेंढरूच हाय, अन् तुम्ही त्याला उलटं गोंजारताय.

तेव्हापासून टेबल त्यांच्याकडं आलं. मग ते मार्कर झाले. म्हणजे चेंडू मांडायचे, गुण पुकारायचे, भिंतीवरच्या फळीवरचा काटा सरकवायचा. साहेबलोक जेवायला गेले की तासभर एकटेच खेळायचे. अशी सहा वर्षं. आणि मागच्या वर्षी त्यांनी शहराच्या स्पर्धेत खुद्द नानासाहेबांना हरवलं.

नानासाहेब म्हणजे वैजापूरकडचं कांद्या-कापसातलं मोठं घर, स्वतः दुसऱ्या कारखान्यात मॅनेजर, स्टेशन रोडच्या क्लबाचे चॅम्पियन. सलग तीन वर्षं त्यांनी चषक सोडला नव्हता. काळं जाकीट घालून खेळायचे आणि चेंडू आत गेला की मिशीला नुसतं बोट लावायचे. बास, एवढाच त्यांचा आनंद.

आता खरी गोम ऐका. स्पर्धा आप्पांच्याच क्लबात व्हायची, आणि तिथल्या भिंतीवर शहराच्या विजेत्यांची पाटी होती. काळी, वर पांढरी अक्षरं. तीन ओळी नानासाहेबांच्या, आडनावासकट, पदवीसकट. चौथी ओळ मागच्या वर्षीची. तिथं लिहिलं होतं: ‘मार्कर’.

नुसतं मार्कर. नाव नाय, गाव नाय.

साहेबराव म्हणाले होते की पाटी कुठल्या ना कुठल्या क्लबाच्या सभासदांसाठी असते, आणि एकदा काय, कुणीही जिंकतं; पुन्हा जिंकून दाखव, मग नाव घालू. आप्पा बरं म्हणाले आणि टेबलाला इस्त्री करायला लागले. म्हाळसाला मात्र ती ओळ बघितली की दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं. कारण नावाचं दुखणं तिला ठाऊक होतं. आठवीपर्यंत ती वहीवर ‘एम.’ लिहायची. वर्गात सगळ्या सीमा, संगीता, आणि ही एकटी म्हाळसा, देवळातून उठून आल्यासारखी. नववीत काय झालं कुणास ठाऊक, वक्तृत्वात पहिली आली आणि बक्षीस घ्यायला जाताना बाईंनी माइकवरून पूर्ण नाव घेतलं, तर ते तिला चक्क आवडलं. त्या दिवसापासून ती जरा जास्तच मोठ्यानं बोलायला लागली, असं तिची आई म्हणायची. जरा नाय, लईच, असं वर्ग म्हणायचा.

तर यंदा फायनल पुन्हा त्याच दोघांची ठरली आणि म्हाळसानं समर्थकांचं खातं आपल्याकडं घेतलं. आप्पांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते.

तिनं पाचोडला पत्र टाकलं. रविवारी दुपारी सामना, सगळ्यांनी या. त्या आठवड्यात नेमका बंद पुकारलेला. शाळा तीन दिवस बंद, एसटी आगारात, भिंतीभिंतीवर ‘नामांतर झालेच पाहिजे’. त्यातल्या अर्ध्या भिंती कडुबा पेंटरांनी रंगवलेल्या. कडुबा म्हणजे म्हाळसाच्या बाकावरच्या गौतमीचे वडील. एमआयडीसीत रोज नवा कारखाना उभा राहायचा आणि प्रत्येकाला पाटी लागायची, म्हणून दिवसा कारखान्यांची नावं आणि सुट्टीत विद्यापीठाचं नवं नाव. क्लबातली ती ‘मार्कर’ची ओळही त्यांच्याच हातची. गौतमीनं एकदा सांगितलं होतं की ते लिहून आले त्या दिवशी बाबा जेवलेच नाहीत नीट. म्हणाले, सांगितलं ते लिहिलं, पण हात नाय वळला.

एसटी नाही म्हटल्यावर पाचोडवाले थांबतील असं वाटलं होतं. ते लोकर नेणाऱ्या टेम्पोतून आले. अकरा माणसं, पुढं राजाबाई आत्या. राजाबाई आत्या म्हणजे आप्पांची थोरली बहीण. उन्हाळा असो की हिवाळा, काळी घोंगडी खांद्यावर, आणि आवाज असा की शिवारातल्या कुत्र्यांनीही गप्प बसावं. नाक्यावर बंदोबस्ताच्या पोलिसांनी टेम्पो अडवला. आत्याच्या मांडीवर पिवळी भुकटी भरलेली पिशवी. हवालदारानं विचारलं हे काय. आत्यानं उत्तर म्हणून चिमूट काढून त्याच्या कपाळाला लावली आणि म्हणाली, देवाचा भंडारा हाय, लेकरा, तुझीबी बदली जवळ होईल. हवालदारानं टोपी सारखी केली आणि टेम्पो सोडला.

सामन्याआधी म्हाळसानं सगळ्यांना बाभळीखाली बसवून शिकवणी घेतली. लाल चेंडू म्हणजे लाल मेंढरं. टेबलाच्या कडेच्या सहा जाळ्या म्हणजे वाघूर, मेंढरं कोंडायचं जाळं. एक लाल कोंडायचं, मग एक रंगीत, मग पुन्हा लाल.

“अन् रंगीत कोंडलं की हा पंच त्याला पुन्हा भायेर काढतो?” आत्यानं विचारलं.

व्हय, म्हाळसा म्हणाली, लाल संपेपर्यंत काढतो.

“मंग कसला राखणदार हाय त्यो.”

भिकनकाकाला पडलेला प्रश्न वेगळाच होता. भंडारा कधी उधळायचा? कुस्तीत पाठ टेकली की कळतं, इथं कोण चीत झालं ते कसं कळावं? मग म्हाळसानं तोडगा काढला. जिंकलं की मी हात वर करीन. माझा हात वर गेल्याशिवाय कुणी चिमूटसुद्धा काढायची नाय. आत्यानं देवाची शपथ घेऊन सांगितलं की तुझ्या हातावरच डोळा ठेवते.

गौतमी बाजूला उभी राहून हे ऐकत होती. ती म्हणाली, तुझा हात तर वर्गात प्रश्न संपायच्या आधीच वर जातो. मी धरून बसते.

हॉल गच्च भरला. पुढं खुर्च्यांवर साहेबलोक. स्टेशन रोडवाले उजवीकडं, इस्त्रीचे शर्ट, टाळी वाजवतानाही बोटांवर बोटं. मागं सतरंजीवर कारखान्यातली माणसं, त्यांच्या बायका आणि पाचोडचे अकरा. पुण्याहून पंच आलेले, हातात पांढरे मोजे. त्यांनी आधीच सांगितलं की शांतता राखा. राजाबाई आत्यानं पदर तोंडात घातला.

पाच डावांचा सामना. पहिला नानासाहेबांनी अलगद नेला, मिशीला बोट. दुसरा आप्पांनी, तिसरा आप्पांनी. चौथ्यात नानासाहेबांनी असा काही खेळ केला की मुंजाबाकाकाच्या तोंडून शाब्बास निघून गेलं आणि आत्यानं त्याला कोपरानं असं हाणलं की तो पुढचा अर्धा तास एका कुशीवर बसला. दोन-दोन. पाचवा डाव. म्हाळसा कधी हसत होती, कधी गौतमीच्या खांद्यावर डोकं आपटत होती, आणि गौतमीनं तिचं उजवं मनगट दोन्ही हातांनी धरलेलं.

एकेक मेंढरू आत जात गेलं. लाल संपली. पिवळा, हिरवा, तपकिरी, निळा. टेबलावर उरले दोनच रंग, गुलाबी आणि काळा. फळीवर काटे: नानासाहेब पंचावन्न, त्रिंबक बावन्न. गुलाबीचे सहा, काळ्याचे सात. पाळी आप्पांची.

आप्पा उठले. खेळायच्या काठीला, क्यूला, खडू लावताना त्यांनी एकदाच मागं बघितलं, पाटीकडं की म्हाळसाकडं ते कळलं नाही. मग वाकले, आणि ठक्. गुलाबी चेंडू सगळं टेबल ओलांडून, जसा काही घरचा रस्ता माहीत असल्यासारखा, कोपऱ्यातल्या जाळीत पडला.

अठ्ठावन्न-पंचावन्न. आप्पा पुढं.

आणि म्हाळसाचा हात वर गेला.

तिनं नेला नाही, तो गेला. गौतमीनं मनगट सोडलं नव्हतं. पण गौतमीही उडी मारून उठली होती, त्यामुळं तिघींचे म्हणावेत असे तीन हात एकदम वर गेले. काळं मेंढरू अजून बाहेर होतं. सात गुणांचं. नानासाहेबांनी ते कोंडलं असतं तर आप्पा हरले असते. हे म्हाळसाला माहीत होतं. तिनंच शिकवलं होतं.

पण आत्याचा डोळा हातावर होता.

“येळकोट येळकोट,” आत्याची आरोळी उठली, आणि अकरा मुठी सुटल्या. पिशवी उघडीच होती. हॉलच्या दिव्याखाली पिवळा ढग उठला, क्षणभर तरंगला, आणि सावकाश खाली बसला. आप्पांच्या केसांवर, पंचांच्या पांढऱ्या मोज्यांवर, नानासाहेबांच्या काळ्या जाकिटावर. आणि हिरव्या टेबलावर. स्टेशन रोडच्या क्लबाचे एक जाडे साहेब ओळीनं सात शिंका शिंकले, आणि सातवीनंतर हॉलमध्ये जी शांतता पसरली ती पंचांनी मागितली होती त्याहून चांगली होती.

म्हाळसाचा हात अजून वरच होता. तो खाली कसा आणायचा असतो हे ती विसरली होती.

मग गलका सुटला. साहेबराव लालेलाल. उजवीकडच्या खुर्च्यांतून मागणी आली की खेळाडूच्या माणसांनी खेळ बिघडवला, डाव नानासाहेबांना द्या. पंचांनी चष्मा पुसला, त्यावर आणखी पिवळं झालं. ते म्हणाले, प्रतिस्पर्ध्याची हरकत असेल तर मला डाव द्यावा लागेल. नानासाहेब, तुमची हरकत आहे?

म्हाळसाला वाटलं, आता जमीन दुभंगली तर पहिली उडी आपली. पाटीवर पाचवी ओळही नानासाहेबांची, आणि आप्पा जन्मभर मार्कर. तेही तिच्या हातानं.

नानासाहेबांनी जाकिटावरची भुकटी बोटावर घेतली, पाहिली, आणि कपाळाला लावली.

“आमचंही कुलदैवत तेच आहे,” ते म्हणाले. “भंडाऱ्यावर हरकत घेऊन घरी गेलो, तर म्हातारी उंबऱ्याच्या आत घेणार नाही. टेबल साफ करा, आपण खेळू.”

पण साफ कोण करणार? ओला फडका लावला तर हळद कापडात उतरणार. हातानं झटकलं तर लव विस्कटणार. टेबलाची नस एकाच माणसाला ठाऊक, आणि तोच खेळाडू. त्याला पंच हात लावू देईनात. काळा आणि ज्यानं मारतात तो पांढरा, दोन्ही चेंडू उचलायलाही ते तयार नव्हते. म्हणाले, तसूभर जागा चुकली तर जबाबदार कोण.

आप्पांनी हातातली काठी भिंतीला टेकवली. ते म्हणाले, “माझी पोर दर रविवारी ब्रश मारते माझ्यासंगं. तिला येतं.”

पंचांनी नानासाहेबांकडं बघितलं. नानासाहेबांनी मान हलवली. फक्त एक अट घातली, की चेंडू हलला तर पाळी माझी. आप्पांनी ती मान्य केली. म्हाळसाला कुणी विचारलंच नाही.

ती पुढं गेली तेव्हा चपला मागंच राहिल्या. आप्पांनी ब्रश तिच्या हातात दिला आणि एवढंच सांगितलं की घाई करू नको, मेंढरू झोपलंय असं समज. मग तिनं सुरुवात केली. डाव सुरू होतो त्या बाजूकडून काळा चेंडू मांडतात त्या बाजूकडं, एकाच दिशेनं, लांब हात. पिवळी रेघ पुढं सरकायची, हिरवं मागं उघडं पडायचं. दोनशे डोळे तिच्या पाठीवर. एरवी दोनशे डोळे म्हणजे तिचं जेवणच. आज तिनं नजर ब्रशावरून हलवली नाही. पांढऱ्या चेंडूला वळसा घालून ती काळ्यापाशी आली. इथं ब्रश चालणार नव्हता. चेंडूच्या बुडाशी भुकटीचं कडं बसलेलं, आणि ब्रशाचा एक केस लागला तरी चेंडू हलला असता.

एरवी अशा वेळी आप्पा लोकरीचा पुंजका वापरायचे. कच्ची लोकर धूळ उचलते, ढकलत नाही. पुंजका आप्पांच्या रोजच्या शर्टाच्या खिशात असायचा, आणि आज शर्ट नवा.

म्हाळसानं मान वळवून आत्याकडं बघितलं. नुसती दोन बोटं एकमेकांवर चोळली. आत्यानं खांद्यावरच्या घोंगडीची कड दातात धरली, कचकन ओढली, आणि काळ्या लोकरीचा झुपका खुर्च्यांवरून हातोहात पुढं आला. वाटेत तो त्या सात शिंकांच्या साहेबांच्या हातातूनही गेला. त्यांनी श्वास रोखून धरला, आणि त्यांचं भलं होवो.

तिनं झुपका टेकवला, उचलला. टेकवला, उचलला. काळ्या चेंडूभोवती सूर्याच्या खळ्यासारखं कडं होतं ते एकेक कण करत गेलं. चेंडू हलला नाही. पंचांनी वाकून दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि म्हणाले, ठीक. मागच्या सतरंजीवरून एवढा मोठा उसासा सुटला की पंचांनी वळून बघितलं. पिवळी भुकटी म्हाळसानं एका जुन्या गुणपत्रिकेवर गोळा केली होती. ती पुडी छातीशी धरून ती जागेवर गेली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली.

आप्पांनी काळा मारला, आणि चुकले.

चेंडू कोपऱ्याच्या ओठावर आपटला, उलटा फिरला आणि टेबलाच्या मध्यावर, बाजूच्या जाळीच्या बरोब्बर समोर, हातभर अंतरावर येऊन थांबला. ताटात वाढल्यासारखा. भिकनकाकानं डोळ्यांवर टोपी ओढली. गौतमी पुटपुटली, गेलं. नानासाहेबांना आता फक्त हळू ढकलायचं होतं. जोरात मारला असता तर मागोमाग पांढराही आत गेला असता.

ते वाकले, तेवढ्यात आप्पा बोलले.

“नानासाहेब, ब्रश झालाय, पण इस्त्री झालेली नाय. लव उठलेली हाय.”

म्हाळसाला वाटलं, आत्ताच्या आत्ता उठून बापाच्या तोंडावर हात ठेवावा. अहो, कशाला सांगता? नानासाहेब सरळ झाले. त्यांनी आप्पांकडं पाहिलं, कापडाकडं पाहिलं, हसले, आणि नेम बोटभर बदलून पुन्हा वाकले. हळूच टोला दिला.

काळा चेंडू निघाला. सरळ, सरळ, सरळ. आणि शेवटच्या वितीत वेग मरताच तो लवेच्या दिशेला कलला, जशी संध्याकाळी एखादी मेंढी कळपातून हळूच बांधाकडं सरकते. बोटभर पुरलं नाही, दीड बोट लागत होतं. चेंडू जाळीच्या ओठाला टेकला आणि तिथंच उभा राहिला, आत डोकावत.

आत्या पदर तोंडात कोंबून गुदमरायच्या बेतात आली होती. आप्पा आले, वाकले, आणि त्या काळ्या मेंढराला पाठीवर थाप मारावी तसा टोला दिला. ते आत गेलं.

आणि हॉलमध्ये कुणी हललं नाही.

अकरा माणसं म्हाळसाकडं बघत होती. म्हाळसा पंचांकडं बघत होती. हात मांडीखालीच. पंचांनी पासष्ट-पंचावन्न पुकारलं, सामना संपल्याचं सांगितलं, तरी ती हलेना. शेवटी पंचांनीच पिवळा मोजा वर केला आणि म्हणाले, मुली, आता कर हात वर.

पुढचं काय सांगावं. मुंजाबाकाकानं साहेबरावांना उचललं, का ते त्यालाही नंतर सांगता आलं नाही. आत्या आप्पांच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडत होती. नानासाहेबांनी आप्पांचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, इस्त्रीचं सांगितलंत म्हणून नुसतं हरलो. न सांगता हरलो असतो तर रागावलो असतो. उत्तर म्हणून आप्पांनी त्यांच्या जाकिटावरची हळद झटकायला घेतली. लवेच्या दिशेनं.

मागून कडुबा पेंटर पुढं आले. त्यांनी साहेबरावांना पाटीचं विचारलं. साहेबराव कपडे सारखे करत म्हणाले, लिहू की, सोमवारी या.

“सोमवारी आमचा जेलभरो हाय,” कडुबा म्हणाले. “मी आत असणार. सायकलला रंगाचा डबा लावलेला हाय, आत्ताच लिहितो.”

साहेबराव काही बोलणार होते, पण दोन्ही क्लबांचे लोक पाटीखाली येऊन उभे राहिले होते, नानासाहेब सगळ्यांत पुढं. मग ते म्हणाले, बरं, लिहा.

स्टूल आलं. डबा उघडला तर आत पांढरा नव्हता, भिंतींवरचा निळा होता. कडुबांनी आप्पांकडं बघून विचारलं, चालंल का. आप्पा म्हणाले, पळंल. कडुबांनी आधी चौथ्या ओळीतल्या ‘मार्कर’च्या अलीकडं जागा काढून नाव घातलं, मग खाली पाचवी ओळ नव्यानं. दोन्हीकडं तेच: त्रिंबक खंडुजी वाघमोडे, पाचोड. गौतमी खालून काने-मात्रे तपासत होती, आणि या वेळी त्यांचा हात कसा वळत होता ते म्हाळसाला लांबूनही दिसत होतं.

पिशवी केव्हाच रिकामी झालेली. मग म्हाळसाला पुडीची आठवण झाली. तिनं ती नानासाहेबांपुढं धरली. त्यांनी मूठ भरली, टेबल किती लांब आहे ते आधी नीट पाहून घेतलं, आणि आप्पांवर उधळली. थोडी ओल्या रंगावर बसली.

अजून आहे ती. निळ्या नावात पिवळे कण. साहेबरावांनी पुसायला सांगितलं होतं म्हणे, पण टेबल आणि पाटी दोन्ही पुसायचं काम मार्करचं, आणि मार्कर म्हणाला की ओला फडका लावला तर हळद उतरते.